जिंकत आलेला डाव पुन्हा पुन्हा निसटतो: दोष शोधायचा कसा आणि काढायचा कसा

मध्यम पातळीवर अडकलेल्या बुद्धिबळपटूंची एक तक्रार सारखी कानावर येते. ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) ठीक जाते, मध्यपर्वात समोरच्याचा एखादा मोहरा किंवा दोन प्यादी पदरात पडतात, इंजिनचा, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमचा, आकडा आपल्या बाजूला झुकलेला असतो, आणि तरीही डाव बरोबरीत सुटतो किंवा चक्क हातचा जातो. पुढच्या स्पर्धेत पुन्हा तेच. मग उपाय म्हणून नवी ओपनिंग शिकली जाते, रोजची कोडी वाढवली जातात, आणि काही महिन्यांनी रेटिंग होते तिथेच असते.

उपाय लागू पडत नाही, कारण निदानच झालेले नसते. जिंकलेला डाव निसटण्याची कारणे वेगवेगळी आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही. ज्याला हत्तीचे शेवट, म्हणजे मोजके मोहरे उरल्यावरचा डावाचा अखेरचा टप्पा, येत नाहीत, त्याने कितीही सावध राहून खेळले तरी तो हत्तीच्या शेवटात अडकणारच. आणि आघाडी मिळताच समोरच्याच्या चालींकडे बघणे ज्याने सोडले, त्याला सगळे शेवट पाठ असून उपयोग नाही, कारण त्याचा डाव शेवटापर्यंत पोचतच नाही. माझे मत असे की मध्यम पातळीवर बहुतेकांचे दुखणे हे दुसरे असते. लाभ झाल्याक्षणी विचार करण्याची पद्धत बदलते. पण हे मत तुमच्याबाबतीत खरे आहे की नाही, ते तुमच्याच डावांवरून ठरवायचे.

आधी डाव खरोखर जिंकलेला होता का?

तुमचे अलीकडचे असे डाव काढा, ज्यांत तुम्ही पुढे होतात आणि तरी जिंकला नाहीत. ब्लिट्झचे, म्हणजे काही मिनिटांत संपणारे झटपट डाव बाजूला ठेवा. त्यांत घड्याळाचा गोंधळ इतका असतो की खरे कारण दिसत नाही. निदान पंधरा मिनिटांचे, शक्यतो त्याहून लांब डाव घ्या.

आता चाळणी लावा. इंजिन अडीच प्याद्यांची आघाडी दाखवते म्हणजे माणसासाठी डाव जिंकलेला आहे असे नाही. कधी तो आकडा एका लांबलचक बलिदानाच्या मालिकेवर उभा असतो. त्यातली तिसरी चाल माणसाला पटावर सुचणारच नसते. अशा डावात तुम्ही 'जिंकलेला डाव घालवला' नाही. एक अवघड चाल तुम्हाला सापडली नाही, एवढेच. हा आक्रमणाच्या सरावाचा विषय आहे, त्याची यादी वेगळी करा. खरा जिंकलेला डाव तो, ज्यात कारण एका वाक्यात सांगता येते: एक घोडा जास्त आहे, बदल्यात काही नाही. किंवा दोन प्यादी जास्त आहेत आणि राजा सुरक्षित आहे.

उरलेल्या प्रत्येक डावात, इंजिन बंद ठेवून, दोन जागा शोधा. पहिली, जिथे लाभ झाला ती चाल. दुसरी, जिथे तुमच्या मते डाव घसरला ती चाल. दुसऱ्या जागेशेजारी त्या वेळी डोक्यात काय चालले होते ते लिहा. 'लक्ष नव्हते' असे लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'ए७ वरचे प्यादे फुकट मिळतेय असे वाटले', 'वजीर बदलला की सोपे होईल असे वाटले', 'हा आता डाव सोडेल असे वाटले', इतके ठोस लिहा. त्यानंतरच इंजिन लावा आणि आकडा खरोखर कुठे कोसळला ते पाहा. तुम्हाला वाटलेली जागा आणि खरी जागा यांत बरेचदा पाच-सहा चालींचे अंतर निघते. शेवटची घोडचूक सगळ्यांना दिसते. तिच्या आधी संथपणे दिलेला मोकळा श्वास दिसत नाही.

दोन्ही जागांमधले अंतरही मोजा. लाभ झाल्यापासून पुढच्या पाच-सात चालींतच घसरण असेल तर दोष विचाराच्या सवयीत आहे. वीस-तीस चालींनंतर, मोजके मोहरे उरल्यावर असेल तर दोष ज्ञानात आहे. मधल्या टप्प्यात, दोन-तीन मारामाऱ्यांनंतर असेल तर काय बदलावे याचा अंदाज चुकतो आहे. घसरणीच्या वेळी घड्याळात किती वेळ होता तेही नोंदवा.

लाभ झाल्याबरोबर घसरण

एक साधी स्थिती पटावर मांडा. पांढरा: राजा जी१, हत्ती डी१, घोडा ई५, प्यादी ए२, बी२, एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, हत्ती सी८, प्यादी ए७, बी७, एफ७, जी७, एच७. चाल पांढऱ्याची. एक अख्खा घोडा जास्त आहे, म्हणजे डाव जिंकलेला आहे याबद्दल वाद नाही. आता बी७ चे प्यादे दिसते आणि हात आपोआप हत्तीकडे जातो: हत्ती डी७. उत्तर येते हत्ती सी१ शह. मध्ये घालायला हत्ती डी१ एवढीच चाल आहे, तो हत्ती मारला जातो आणि मात होते. घोडा जास्त असताना डाव संपला.

त्याऐवजी एच३ खेळून राजाला खिडकी, म्हणजे पळायला एक घर, द्या, किंवा राजा एफ१ वर आणा. एक चाल 'वाया' गेली असे वाटेल. पण आता काळ्याने तोच हावरटपणा केला, म्हणजे हत्ती सी२ खेळून बी२ च्या प्याद्यावर हल्ला केला, तर हत्ती डी८ होऊन मात त्यालाच बसते. शेवटच्या रांगेचा धोका दोघांनाही होता. तो ज्याने आधी पाहिला त्याचा डाव.

हे उदाहरण कोड्याच्या रूपात दिले तर मध्यम पातळीचा कोणीही खेळाडू काही सेकंदांत सोडवेल. डावात मात्र ते सुटत नाही. कोडे समोर आले की इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेले असते, आणि कोड्यात जवळपास नेहमी तुम्हीच हल्ला करत असता. घोडा जिंकल्यानंतरच्या शांत चालीत 'इथे काहीतरी आहे' असे सांगणारे कोणी नसते. शिवाय मोहरा जिंकेपर्यंत तुम्ही सावध असता, समोरच्याची प्रत्येक धमकी मोजत असता. मोहरा हाती आला की मनात 'झाले' असा शिक्का बसतो आणि त्या क्षणापासून पटावर एकच खेळाडू उरतो, तो म्हणजे तुम्ही. समोरच्याचे मात्र उलट होते. त्याला आता गमावण्यासारखे फार काही नसते, म्हणून तो पूर्वीपेक्षा बारकाईने बघू लागतो.

ही ढिलाई फक्त आपल्या पातळीवर येते असे समजू नका. २०१४ च्या सोची इथल्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव पाहा. मॅग्नस कार्लसन पांढऱ्या मोहऱ्यांनी चांगल्या स्थितीत होता, विश्वनाथन आनंद बचाव करत होता. २६व्या चालीत कार्लसनने राजा डी२ वर नेला, दिसायला अगदी स्वाभाविक चाल. त्यामुळे काळ्याला घोड्याने ई५ वरचे प्यादे मारून डाव फिरवण्याची संधी मिळाली. आनंदने ती पाहिली नाही, ए४ खेळला, आणि पुढे कार्लसन जिंकला. मला या प्रसंगात दोन्ही बाजू शिकण्यासारख्या वाटतात. वरचढ असलेला खेळाडू समोरच्याची एक मारामारी तपासायची विसरला. आणि दबावाखाली असलेल्याला समोरून चूक येईल असे वाटलेच नाही, म्हणून ती आली तेव्हा दिसली नाही.

उपाय असा. लाभ झाला की पुढची चाल लगेच खेळायची नाही. तिथे थांबून एकच प्रश्न मनात पूर्ण वाक्यात सोडवायचा: मी त्याच्या जागी असतो, तर आता कशावर आशा ठेवली असती? उत्तर बहुधा एखादेच असते. त्याचा वजीर आणि घोडा माझ्या राजाजवळ आहेत. त्याचे सी पट्टीवरचे (उभ्या ओळीतले) प्यादे मोकळे आहे, म्हणजे त्याला अडवणारे प्यादे नाही. माझी शेवटची रांग उघडी आहे. माझा घोडा पटाच्या कडेला एकटा पडला आहे. ती आशा सापडली की आणखी काही जिंकायला जाण्याआधी तीच संपवायची. ए७ चे प्यादे कुठे पळून जात नाही.

त्यानंतर प्रत्येक चालीआधी, चाल मनात ठरल्यावर पण मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी, समोरच्याचे सगळे शह आणि सगळ्या मारामाऱ्या डोळ्यांखालून घालायच्या. 'सगळ्या' हा शब्द महत्त्वाचा आहे, मूर्ख वाटणाऱ्यासुद्धा. जिंकलेल्या स्थितीत हे काम उलट सोपे असते, कारण त्याच्याकडे मोहरे कमी उरलेले असतात. ही सवय लागायला वेळ लागतो. ती ब्लिट्झमध्ये लागत नाही, म्हणून जोवर हा दोष दुरुस्त करताय तोवर ब्लिट्झ कमी ठेवा.

याच वर्गात एक वेगळा प्रकारही येतो: अति सावधपणा. प्यादे जिंकले की काही खेळाडू सगळे मोहरे मागे ओढून बसतात, जणू आता फक्त राखण करायची आहे. समोरचा मग पट्ट्या ताब्यात घेतो, घोडे पुढे आणून बसवतो, आणि तुमचे जास्तीचे प्यादे बिनकामाचे होते. तुमच्या नोंदींत 'बचावासाठी मागे घेतला' असे वारंवार लिहिलेले दिसले तर तुमचा आजार गाफीलपणाचा नाही, भीतीचा आहे. त्याचे उत्तर म्हणजे लाभ परत द्यायला शिकणे. एक प्यादे जास्त आहे आणि समोरचा दबाव आणतोय, तर ते प्यादे परत देऊन तुमचे मोहरे त्याच्यापेक्षा सक्रिय होत असतील तर द्या. हत्तीसाठी त्याचा उंट आणि एक प्यादे घेतल्याने सरळ जिंकणारा राजा-प्याद्यांचा शेवट मिळत असेल तर तोही सौदा करा. मिळालेले सोडायचे नाही या हट्टापायी गेलेले डाव मी खूप पाहिले आहेत, आणि ते बघताना वाईट वाटते, कारण खेळणाऱ्याने त्याआधी मेहनत घेतलेली असते.

मारामारी करत गेलो आणि आघाडीच उरली नाही

'पुढे असताना मोहरे बदलावेत' हे सगळ्यांना शिकवलेले असते. त्याचा दुसरा अर्धा भाग बरेच जण विसरतात: मोहरे बदलावेत, प्यादी नव्हे. प्यादी तुमच्या विजयाचे भांडवल आहेत. एकट्या उंटाने किंवा एकट्या घोड्याने मात होत नाही. दोन घोड्यांनीही ती जबरदस्तीने करता येत नाही. प्यादी नसतील तर हत्ती विरुद्ध उंट आणि हत्ती विरुद्ध घोडा हे शेवटही बहुधा बरोबरीत जातात. तुमच्याकडे घोडा आणि एक प्यादे, त्याच्याकडे नुसते एक प्यादे, अशा स्थितीत ती दोन प्यादी एकमेकांना मारून गेली की तुमचा पूर्ण मोहरा जास्त असूनही बरोबरी. म्हणून मागे असलेला चांगला खेळाडू प्यादी बदलायला बघतो. तो प्यादी पुढे ढकलतोय, मारामारी देऊ करतोय असे दिसले की सावध व्हा. शक्य असेल तर मारू नका, बाजूने पुढे ढकला.

मोहऱ्यांच्या बाबतीतही सगळ्या मारामाऱ्या सारख्या नसतात. एक प्यादे जास्त असताना कोणता शेवट चांगला, याचा ढोबळ अंदाज असा: राजा-प्याद्यांचा शेवट सर्वांत अनुकूल, घोड्यांचा शेवट जवळपास तसाच, हत्तींचा बराच कठीण, आणि विरुद्ध रंगांच्या उंटांचा सर्वांत कठीण. विरुद्ध रंगांच्या उंटांत दोन प्यादी जास्त असूनही बरोबरी होऊ शकते, कारण बचाव करणारा तुमचा उंट जिथे पोचतच नाही त्या रंगाच्या घरांवर ठाण मांडतो. त्यामुळे शेवटचे मोहरे बदलताना 'आता कोणते उंट उरतील?' हा प्रश्न विचारल्याशिवाय हात पुढे करू नका.

एका मारामारीने निकाल कसा पालटतो याचे अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये झालेला विश्वविजेतेपदाचा चौदावा डाव. दोघांकडे हत्ती आणि एकाच रंगाचा उंट, काळ्याकडून खेळणाऱ्या गुकेशचे एक प्यादे जास्त, आणि तरीही स्थिती बरोबरीची. ५५व्या चालीत डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर नेऊन हत्तींची मारामारी होऊ दिली. हत्ती पटावरून गेले आणि गुकेशने उंट डी५ वर आणला. पांढरा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्याला बदलाबदली टाळता येईना. उरला तो राजा-प्याद्यांचा शेवट, आणि त्यात जास्तीचे प्यादे निर्णायक ठरले. तेच प्यादे हत्ती असताना पुरत नव्हते, हत्ती आणि उंट गेल्यावर पुरले. गुकेश तो डाव बरोबरी न घेता लांबवत राहिला होता, हेही विसरू नका. समोरच्याला अवघड निर्णय घ्यायला लावत राहणे हाही जिंकण्याच्या तंत्राचा भाग आहे.

आणखी एक गोष्ट, जी मध्यम पातळीवर फार कमी जण जाणीवपूर्वक करतात: पटाच्या दोन्ही बाजू जिवंत ठेवणे. सगळी प्यादी एकाच बाजूला असली की बचाव करणाऱ्याचे काम हलके होते. हत्तीच्या शेवटात एकाच बाजूला चार विरुद्ध तीन प्यादी असतील तर चांगला बचाव करणारा साधारणपणे बरोबरी साधतो. तेच एक जास्तीचे प्यादे दूरच्या बाजूला मोकळे असेल तर त्याच्या राजाला किंवा हत्तीला तिकडे धावावे लागते आणि इकडची प्यादी उघडी पडतात. एका कमजोरीचे रक्षण होते. दुसरी, लांबची कमजोरी निर्माण झाली की त्याचे मोहरे दोन्हीकडे वेळेवर पोचत नाहीत. त्यामुळे एका ठिकाणी भिंत लागली की तिथेच डोके आपटत बसू नका. पटाच्या दुसऱ्या बाजूला एखादे प्यादे पुढे नेऊन नवा प्रश्न उभा करा. घाई नाही. समोरच्याकडे प्रतिहल्ला नसेल तर राजा मध्यात आणणे, हत्ती चांगल्या पट्टीवर ठेवणे, अशा दोन-चार चाली निवांत करता येतात.

शेवटच आला नाही

तुमची घसरण मोजके मोहरे उरल्यावर होत असेल तर ही चांगली बातमी आहे, कारण हा सर्वांत लवकर दुरुस्त होणारा दोष आहे. जाडजूड ग्रंथ वाचण्याची गरज नाही. काही मोजक्या स्थिती हातात बसल्या पाहिजेत, इतक्या की घड्याळात मिनिट उरले असतानाही त्या खेळता याव्यात.

राजा आणि एक प्यादे विरुद्ध राजा: तुमचा राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या रांगेत पोचला की चाल कोणाचीही असो, डाव जिंकलेला असतो. पांढरा राजा ई६, प्यादे ई५, काळा राजा ई८, ही स्थिती दोन्ही बाजूंनी चाल देऊन खेळून बघा. अपवाद कडेच्या पट्ट्यांचा. त्याआधी राजे समोरासमोर आले की चाल कोणावर आहे, म्हणजे ऑपोझिशन कोणाकडे आहे, हे ओळखता आले पाहिजे. प्यादे आधी पुढे ढकलायचे आणि राजा मागून आणायचा ही इथली सगळ्यांत सार्वत्रिक चूक.

हत्ती आणि प्यादे विरुद्ध हत्ती: लुसेनाची स्थिती. पांढरा राजा जी८, प्यादे जी७, हत्ती ई१. काळा राजा डी७, हत्ती एच२. पांढरा राजा स्वतःच्याच प्याद्यासमोर अडकला आहे, बाहेर आला की मागून शह सुरू होतात. चाल आहे हत्ती ई४! काळा हत्ती एच१ वर थांबतो. मग राजा एफ७, हत्ती एफ१ शह, राजा जी६, हत्ती जी१ शह, राजा एफ६, हत्ती एफ१ शह, राजा जी५, हत्ती जी१ शह, आणि आता हत्ती जी४. शह अडला, प्याद्याचा वजीर होणार. चौथ्या रांगेतला तो हत्ती पाच चालींनंतरच्या शहासाठी आधीच जाऊन उभा राहिला होता. ही स्थिती पाठ करण्यापेक्षा, हत्ती तिसऱ्या किंवा पाचव्या रांगेत ठेवला असता तर काय झाले असते ते पटावर करून बघा. मग ती कधी विसरणार नाही.

तिचा जोडीदार म्हणजे फिलिडोरचा बचाव. तो समोरचा वापरेल म्हणून तुम्हाला माहीत हवा. बचाव करणारा राजा प्याद्यासमोर, आणि त्याचा हत्ती त्याच्या बाजूने मोजता तिसऱ्या रांगेत, जेणेकरून तुमचा राजा पुढे येऊ शकत नाही. तुम्ही प्यादे त्या रांगेत ढकलले की तो हत्ती पार मागे नेऊन तिथून शह देत राहतो, आणि तुमच्या राजाला लपायला जागा उरत नाही. जिंकायचे असेल तर समोरच्याला ही रचना उभी करू देता कामा नये. त्याचा राजा प्याद्यापासून दूर तोडून ठेवणे हे काम त्याआधीचे आहे.

उंट आणि कडेचे प्यादे: प्यादे ज्या घरावर वजीर होणार, त्या घराचा रंग तुमच्या उंटाचा नसेल आणि समोरचा राजा त्या कोपऱ्यात पोचला असेल, तर बरोबरी. एच८ काळे घर आहे, ए८ पांढरे. मध्यपर्वातच उंट बदलताना हे लक्षात असले तर अर्धा गुण वाचतो.

वजीर जास्त असताना होणारे स्टेलमेट, म्हणजे समोरच्याला शह नाही पण खेळायला एकही चाल नाही अशी बरोबरी, थोडक्यात सांगतो. काळा राजा एच८, तुमचा वजीर जी६ किंवा एफ७, आणि काळ्याकडे दुसरी काही चाल नाही: झाली बरोबरी. समोर नुसता राजा उरला की शक्यतो शह देत खेळा, आणि शह नसलेली चाल खेळण्यापूर्वी त्याच्या राजाला जायला एक तरी घर आहे का ते बघा.

घड्याळ

नोंदींत प्रत्येक घसरणीशेजारी 'एक मिनिट उरले होते' असे दिसत असेल तर वरचे सगळे नंतर. तुमचा वेळ कुठे जातो ते पाहा. बहुतेक वेळा तो ओपनिंगमध्ये, जिथे दोन्ही चाली चालण्यासारख्या असतात तिथे, खर्च झालेला असतो. दोन चांगल्या चालींत निवड होत नसेल तर कोणतीही एक खेळा आणि ती मिनिटे पुढे न्या. स्पर्धा निवडता येत असेल तर प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून मिळणारी वेळ निवडा. तिथे तंत्राला किंमत आहे.

एक सापळा मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवा. समोरच्याचा वेळ संपत आला आणि तुमच्याकडे दहा मिनिटे आहेत, तेव्हा तुम्हीही भराभर खेळू लागता. त्याला विचार करायला वेळ मिळू नये हा हेतू. पण तुम्ही भराभर खेळल्याने वेळेची तुमची आघाडी तुम्ही स्वतःच फेकून देता आणि दोघेही सारखेच आंधळे खेळू लागता. उलट करा. सावकाश विचार करा, आणि त्याने अपेक्षिली नसेल अशी शांत, भक्कम चाल खेळा. त्याला उरलेल्या सेकंदांत नव्याने विचार करावा लागेल.

सराव कशाचा करायचा

तुमच्या यादीतल्या प्रत्येक डावातून लाभ झाला ती स्थिती उचला आणि तिथून पुढे इंजिनाविरुद्ध, पूर्ण ताकदीने, घड्याळ लावून खेळा. जिंकेपर्यंत पुन्हा पुन्हा. कोड्यांच्या संचापेक्षा हा सराव मला कितीतरी मोलाचा वाटतो, कारण या स्थिती तुमच्याच ओपनिंगमधून, तुमच्याच सवयींतून आलेल्या असतात आणि त्या पुन्हा येणारच असतात. एक मर्यादा लक्षात ठेवा. हरणाऱ्या स्थितीत इंजिन मात लांबवणारी चाल शोधते, माणसाला फसवणारी नव्हे. कधी ते चार चाली वाचवण्यासाठी मोहराच देऊन टाकते. माणूस तसे करत नाही. तो सापळे लावतो, गुंतागुंत वाढवतो. म्हणून तीच स्थिती आपल्या पातळीच्या एखाद्या मित्राबरोबर दोन्ही बाजूंनी खेळा. बचावाची बाजू घेतली की पाठीमागून डाव वाचवणारा काय शोधतो हे आतून कळते, आणि पुढच्या वेळी 'त्याची आशा कोणती' या प्रश्नाचे उत्तर लवकर सुचते.

कोडी सोडवत असाल तर एक बदल करा. उत्तर सापडल्यावर पट फिरवून समोरच्याच्या बाजूने बघा: मूळ स्थितीत चाल त्याची असती तर त्याने काय केले असते? कोड्यात न विचारलेला हा प्रश्न डावात प्रत्येक चालीला विचारावा लागतो.

सगळे करूनही होतेय

वरचे उपाय लावूनही एक प्रकार राहतो. तुम्ही सहा प्याद्यांनी पुढे होता, एक चूक झाली, आता दोनने पुढे आहात. डाव अजून जिंकलेलाच आहे, पण मन त्या चुकीत अडकते. 'वजीर मिळत होता' हेच डोक्यात फिरत राहते, त्या रागात भरपाई म्हणून एकदम निकाल लावणारी चाल शोधली जाते, आणि ती नसते. नोंदींत लागोपाठ दोन घसरणी दिसल्या तर हेच झालेले आहे. अशा वेळी खुर्चीवरून उठा, पाणी प्या, आणि परत येऊन पट असा बघा की तुम्हाला दुसऱ्याचा डाव इथून पुढे खेळायला दिला आहे. कोणाकडे काय आहे ते पुन्हा मोजा, दोन्ही राजे किती सुरक्षित आहेत ते पाहा, त्याची आशा शोधा. मागच्या चालीचा हिशेब डाव संपल्यावर, वहीत.

फरक पडतोय की नाही हे रेटिंगवर लगेच बघू नका, ते उशिरा हलते. वहीत बघा. नव्या डावांची यादी करताना घसरणीची जागा बदललेली दिसते का? आधी लाभानंतर पाचव्या चालीला जाणारा डाव आता पंचविसाव्या चालीला जात असेल, तर पहिला दोष सुटला आहे आणि आता पाळी हत्तीच्या शेवटांची आहे. घसरणीची जागा तीच राहिली असेल, तर त्या जागेशेजारी लिहिलेली वाक्ये पुन्हा वाचा. ती अजूनही एकसारखीच असतील, तर दोष कशात आहे ते तिथेच लिहिलेले आहे.